घरच्या काळजीवाहकांसाठी एकत्रित आधारसेवा (नागपूर)

घरातल्या आजारी, अपंग किंवा म्हाताऱ्या माणसाचं पगार न घेता सगळं करणारा तो काळजीवाहक. त्याला लागणारी ट्रेनिंग, पैशाची मदत, मधूनमधून सुट्टी, स्वतःच्या तब्येतीची तपासणी आणि सरकारी कागदपत्रं हे दहा ठिकाणी न शोधता एका जागी मिळावं म्हणून जी व्यवस्था आखतात तिला एकत्रित आधारसेवा म्हणतात. नागपुरात काय आणि बाकी देशात काय, हे काम जास्त करून घरच्या बाईच्याच अंगावर येतं, म्हणजे सून, आई, बायको, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत (माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी) १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्या माणसांची काळजी घेण्यात वेळ देतात असं निघालं, पुरुष २१.४ टक्के, आणि रोजचा वेळ बायकांचा १४० मिनिटं आणि पुरुषांचा ७४ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही धरलंय, त्यामुळे ज्या घरी माणूस अंथरुणाला खिळलाय तिथली गोष्ट या आकड्यांत मावत नाही, तिथे रात्रीही उठावंच लागते.

लकवा मारलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची नाहीतर पाठीला जखमा होतात, नाकातल्या नळीतून पातळ भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, डायपर बदलायचा, आणि हे सगळं करताना उचलायचं कसं हे माहीत नसलं तर करणाऱ्याचीच कंबर जाते. त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलरमध्ये सारखं पाणी भरत राहा, आणि लाइट गेली की एअर मॅट्रेसचा (जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गादीचा) पंपही बंद. यातलं बरंचसं डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत सांगितलं जाते आणि घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायला होते. म्हणून आधारसेवा आखताना पहिला धडा वॉर्डातच पाहिजे, पेशंट भरती असतानाच घरच्या माणसाकडून दोनतीनदा करवून घ्यायचं, नर्सने शेजारी उभं राहून बघायचं, आणि मगच घरी पाठवायचं.

नागपूरच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे कारण इथे पेशंट फक्त शहरातला नसतो. मेडिकल (१९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतले खाजगी दवाखाने, इथे गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून माणसं येतात आणि सोबतचा नातेवाईक कितीतरी दिवस व्हरांड्यात काढतो, त्याची मजुरी बुडते, गावी लेकरं शेजाऱ्यांकडे. तो परत गेल्यावर इथली कोणतीच सेवा त्याच्यापर्यंत पोचत नाही, जोपर्यंत डिस्चार्जचा कागद त्याच्या गावच्या आशा ताईपर्यंत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जात नाही. हा दुवा जोडला नाही तर शहरात कितीही चांगलं सेंटर उघडा, अर्धी माणसं बाहेरच राहतात.

विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट खूप, आणि या आजारात काळजी घेण्याचं रूपच वेगळं असते. लेकरू महिनाभर शाळेत जाते, खेळते, आणि एका थंडीच्या रात्री हातपाय इतके दुखायला लागतात की आईला उचलून दवाखान्यातच पळावं लागते. आई नोकरी धरू शकत नाही कारण सुट्टी कधी लागेल हे तिलाच माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, त्यात सिकलसेलही आहे, पण सर्टिफिकेट काढणं हे वेगळंच काम.

आणि माझ्या मते खरी गोची इथेच आहे. यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन फॉर्म भरून सरकारी दवाखान्यात तपासणी, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील आणि उत्पन्नाचा दाखला, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, नोकरदाराला जुन्या कर पद्धतीत अपंग नातेवाइकासाठी ७५ हजारांची सूट, अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख. योजना आहेत, पण प्रत्येकीला तेच कागद परत परत, आणि जिला घर सोडून तासभर बाहेर पडता येत नाही तिनेच या चकरा मारायच्या! एकत्रित म्हणजे एका बिल्डिंगीत चार खिडक्या नव्हे, एक माणूस पाहिजे, शिकलेला समाजकार्यकर्ता, जो एकदा घरी येऊन सगळी माहिती घेईल आणि फाइल तो फिरवेल. नागपुरात अशी माणसं तयार करणाऱ्या संस्था आहेत, कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये उभ्या केलेल्या मातृसेवा संघाचंच समाजकार्य महाविद्यालय आहे, तिरपुडे कॉलेज आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क याला जोडता येईल.

घरी आल्यावर विचारायचं काय? पेशंटचं सगळेच विचारतात. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टने काळजी घेणाऱ्याची स्वतःची वेगळी तपासणी स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केली, तुला झोप मिळते का, नोकरी करायची आहे का, हे काम पुढे करायची तुझी तयारी आहे का हेही त्यात येते. काळजी घेणाऱ्याचा ताण मोजणारी झारिट नावाची प्रश्नांची यादी १९८० मध्ये आली, आता तिची २२ प्रश्नांची आवृत्ती वापरतात, जितका स्कोअर जास्त तितका ताण जास्त. पण नुसता स्कोअर काढून घरी जाणं म्हणजे त्या बाईचा आणखी अर्धा तास खाणं, पुढे देण्यासारखं काही असेल तरच विचारावं.

देण्यासारखं म्हणजे सगळ्यात आधी विसावा. आठवड्यातून काही तास ट्रेन झालेली मावशी घरी येणं, किंवा पेशंटला आठपंधरा दिवस ठेवता येईल अशी जागा. नर्सिंग ब्यूरोतून अटेंडंट मिळते पण बारा तासांच्या ड्यूटीचे पैसे महिनाभर देणं सगळ्यांना जमत नाही. लग्नसराईत, दिवाळीत, तान्ह्या पोळ्याला ही मागणी एकदम वाढणार, हे आखतानाच धरावं.

पैशाबद्दल केरळकडे बघावं. तिथे २००८ च्या पॅलिएटिव्ह (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) धोरणानंतर पंचायतींच्या मार्फत नर्स घरी जाते, वस्तीतले स्वयंसेवक सोबत असतात, आणि आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणावरच्या पेशंटला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवलेत. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने निघते. आपल्या २०१६ च्या कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहेच.

मानसिक आजार असलेल्या घरांना लोकांच्या नजरेची भीती जास्त, मदत मागायलाच उशीर होतो. त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, म्हाताऱ्यांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन हेल्पलाइन १४५६७. आणि बौद्धिक अपंग मुलांच्या आईबापाला रात्री झोपू न देणारा प्रश्न, आमच्यामागे याचं कोण करणार, त्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आहे, मूल १८ वर्षांचं झाल्यावर ती कायदेशीर पालक नेमून देते. घरी येणाऱ्या कार्यकर्त्याने हा अर्ज सतराव्या वर्षीच काढून ठेवावा, आणि उद्या आईच आजारी पडली तर पहिले दोन दिवस कोण येणार, औषधं कुठे ठेवलीत, नळी कधी बदलली, हेही त्याच फाइलीत लिहून घ्यावं.