मूळ नियमपुस्तकावरची सवलत आणि मुळातच कमी ठेवलेली किंमत

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन खेळायच्या भूमिकाखेळांमध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्या जातकुळीतल्या खेळांमध्ये, मूळ नियमपुस्तक स्वस्तात मिळण्याच्या दोन वाटा आहेत आणि ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्या एकसारख्याच दिसतात. पहिल्या वाटेने जाणारा प्रकाशक छापील किंमत कायम ठेवून ठरावीक मुदतीपुरती सवलत देतो. दुसरा छापील किंमतच इतकी कमी ठेवतो की सवलतीची गरजच पडू नये. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही, कारण प्रकाशनपूर्व सवलत आणि जनआवृत्ती या दोन्ही गोष्टी आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तरीही खेळांच्या बाबतीत या दोन्हींना सरसकट ‘स्वस्तात विकून प्रसार’ असे म्हटले जाते, आणि नाशिकसारख्या शहरात हा छंद रुजावा असे मनापासून वाटणाऱ्यांचा हिशेब तिथेच चुकतो.

मूळ नियमपुस्तक हे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांसारखे नसते. साहसकथा, राक्षसांचे संग्रह, काल्पनिक जगांची वर्णने ही सगळी त्याच्यावर अवलंबून असतात, आणि ते हाती नसेल तर बाकीची पुस्तके बहुतेक निरुपयोगी ठरतात. गंगापूर रोडवरच्या एखाद्या घरात रविवारी दुपारी पाच जण खेळायला बसतात, तेव्हा टेबलावर बहुधा एकच प्रत असते. ती गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची असते, तिच्या लढाईच्या आणि मंत्रांच्या प्रकरणांत रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, आणि बाकीच्या चौघांपुढे पात्रांच्या माहितीपत्रकांच्या झेरॉक्स असतात. एका प्रतीवर पाच जण खेळतात, त्यामुळे ती प्रत विकली गेली नाही तर प्रकाशक पाचही जणांना मुकतो.

सवलतीचे अलीकडचे ठळक उदाहरण जानेवारी 2023 मधले आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी ओपन गेम लायसन्स, म्हणजे इतर प्रकाशकांना त्या नियमांवर पुस्तके काढू देणारा खुला परवाना, बदलणार असल्याचे बाहेर आले, तेव्हा या खेळाच्या खेळाडूंमध्ये मोठा संताप उसळला. त्या दिवसांत पायझो या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने पाथफाइंडर या आपल्या खेळाच्या मूळ नियमपुस्तकावर 25 टक्के सवलत दिली, आणि आठ महिने पुरेल असा धरलेला साठा दोन आठवड्यांत संपल्याचे जाहीर केले. यातला किती वाटा सवलतीचा आणि किती संतापाचा, हे वेगळे काढता येत नाही. माझ्या मते सवलतीने इथे धक्का तेवढा दिला. दुसरा खेळ शोधण्याचा निर्णय लोकांनी आधीच घेतला होता. सवलतीचे खरे सामर्थ्य हेच आहे, की ज्याचे मन जवळपास तयार झाले आहे त्याला ती आज विकत घ्यायला लावते.

तिची किंमत मात्र पुढे मोजावी लागते. एकदा सवलत पाहिलेला ग्राहक पुढच्या सवलतीची वाट पाहू लागतो. मूळ पुस्तकावर मोठी सवलत दिसली की नवी आवृत्ती येणार, अशी शंका जाणकार खेळाडूंना येते, आणि ती निराधार नसते, कारण जुना साठा संपवण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे. सर्वांत मोठा फटका दुकानदाराला बसतो. प्रकाशकाने स्वतःच्या संकेतस्थळावर भाव उतरवला, तर दुकानदाराने आधीच्या भावाने घेतलेली प्रत फळीवर अडकून पडते आणि गिऱ्हाईक ती चाळून, फोनवर भाव पाहून निघून जाते. ज्या शहरात असे खेळ ठेवणारी दुकानेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, तिथे हे नुकसान गंभीर मानायला हवे.

आता दुसरी बाजू. 2000 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा प्लेयर्स हँडबुक हे तिचे मूळ नियमपुस्तक, 288 पानांचे, रंगीत, पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक 19.95 डॉलरला ठेवले होते. हे औदार्य हिशेबी होते. त्याच वर्षी आलेल्या परवान्यांमुळे इतर प्रकाशकांना या नियमांवर आधारित पुस्तके काढता येऊ लागली, पण त्यांतल्या डी-ट्वेंटी बोधचिन्हाच्या परवान्यात पात्र घडवण्याचे आणि पात्राची पातळी वाढवण्याचे नियम छापण्यास मनाई होती. त्यामुळे ते चिन्ह मिरवणारे दुसऱ्या कोणाचेही पुस्तक घेतले, तरी खेळायला बसण्यासाठी प्लेयर्स हँडबुक लागतच असे. या धोरणामागे विझार्ड्सचे तेव्हाचे अधिकारी रायन डॅन्सी यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. खेळ जितक्या अधिक जणांना येतो तितका तो प्रत्येकासाठी अधिक उपयोगाचा होतो, कारण सोबत खेळणारे मिळतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2003 च्या सुधारित आवृत्तीत किंमत 29.95 डॉलर झाली, पण तोवर खेळणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला होता.

पिनॅकल या छोट्या प्रकाशकाने 2007 मध्ये सॅव्हेज वर्ल्ड्स या आपल्या खेळाची जी आवृत्ती काढली, ती मला याहूनही शिकण्यासारखी वाटते. आकार लहान, बांधणी कागदी, आत फक्त नियम, आणि किंमत 9.99 डॉलर. काल्पनिक जगांची पुस्तके स्वतंत्र आणि नेहमीच्या भावाने मिळत. म्हणजे नफ्याचे गणित प्रवेशाच्या पुस्तकातून काढून पुढच्या पुस्तकांकडे वळवले होते, आणि छपाईचा खर्चही त्याच बेताने आखला होता. नंतर देता येणाऱ्या सवलतीत हे साधत नाही, कारण तोवर जाड पुस्तक छापून झालेले असते.

नाशिकच्या टेबलावर याचा अर्थ काय होतो ते पाहू. डॉलरचा भाव हिशेबापुरता 90 रुपये धरला, तर 49.99 डॉलरचे पुस्तक सुमारे 4,500 रुपयांना पडते आणि 25 टक्के सवलतीनंतर 3,375 रुपयांना. कुरिअरचा खर्च वेगळा. 9.99 डॉलरचे पुस्तक मात्र 900 रुपयांच्या आत येते. महाविद्यालयात शिकणारा मुलगा 3,375 रुपये ‘खेळून तर पाहू’ म्हणून खर्च करत नाही, 900 रुपये करू शकतो, आणि त्याच्या गटातला दुसराही करू शकतो. सवलत संपली की पहिला आकडा पुन्हा 4,500 होतो. ज्यांनी हा खेळ दिवाळीत पाहिला आणि ज्यांना तो मे महिन्यात खेळावासा वाटला, त्यांच्यासाठी मग दार बंद झालेले असते.

कमी किमतीचाही तोटा आहे, तो लपवू नये. वितरक आणि दुकानदार यांचे कमिशन छापील किमतीच्या टक्क्यांत ठरते, म्हणून स्वस्त पुस्तकामागे दुकानदाराच्या हाती थोडेच रुपये पडतात आणि ते दर्शनी भागात ठेवण्यात त्याला फारसा रस उरत नाही. ज्या प्रकाशकाकडे पुढे विकण्यासारखे दुसरे काहीच नाही, त्याने ही वाट धरू नये.

पीडीएफचा प्रकार या दोन्हींत मिसळला जातो, पण तो कमी किमतीच्या बाजूचा आहे. पाथफाइंडरचे 2009 चे 576 पानांचे मूळ पुस्तक छापील रूपात 49.99 डॉलरला होते आणि पीडीएफ 9.99 डॉलरला, हा पीडीएफचा नेहमीचाच भाव होता. विझार्ड्सने 2014 मध्ये प्राथमिक नियम पीडीएफ रूपात मोफत दिले, ते याच वाटेचे टोक आहे.

म्हणून नव्या गटाला पहिले पुस्तक सुचवताना मी आधी छापील किंमत पाहतो, सवलत नंतर. सवलतीचा उत्तम उपयोग जे आधीच खेळत आहेत त्यांना होतो: एकाच प्रतीवर पाच जण खोळंबत असतील, दर लढाईत पुस्तक हातोहात फिरत असेल, तर भाव उतरल्यावर घेतलेली दुसरी प्रत खेळाडूंच्या बाजूला ठेवावी आणि पहिली गेम मास्टरकडेच राहू द्यावी.