प्रायव्हेट कंट्री क्लबचा गोल्फ कोर्स

फक्त मेंबर आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी असलेला हा कोर्स. साधारण १८ होल (खेळाचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू पाडायचा खड्डा), पार म्हणजे अपेक्षित फटके ७० ते ७२, आणि जागा ५० ते ८० हेक्टर तरी लागतेच. रिसॉर्टवर आलेला माणूस एकदा खेळतो, फोटो काढतो आणि जातो, पण मेंबर तोच कोर्स वर्षानुवर्षं खेळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी डोळे दिपवण्यापेक्षा शंभराव्या राउंडलाही डोकं चालवायला लावेल असं काहीतरी करणं हे इथल्या डिझायनरचं खरं काम.

सगळ्यात आधी राउटिंग, म्हणजे कुठलं होल कुठून कुठे न्यायचं ते. चढउतार, ओढे, वारा बघून हे ठरतं आणि इथेच गडबड झाली तर नंतर कितीही बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खणा, काही उपयोग नाही. बऱ्याच क्लबांत नववं आणि अठरावं होल क्लबहाउसपाशी येतं, अर्धाच राउंड खेळून घरी जाणाऱ्यांची सोय. पहिलं होल पूर्वेकडे आणि शेवटचं पश्चिमेकडे शक्यतो नेत नाहीत, नाहीतर ऊन थेट डोळ्यात. स्कॉटलंडच्या मुइरफील्डला पहिली नऊ होल बाहेरून घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि पुढची नऊ आतून उलटी, म्हणजे वारा सतत बाजू बदलतो आणि रोजचा खेळाडूही गाफील राहू शकत नाही.

मग येतो धोका किती आणि कुठे ठेवायचा हा प्रश्न. अमेरिकेच्या जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल गोल्फपटू बॉबी जोन्स आणि कोर्स आखणारे अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी जुन्या नर्सरीच्या जागेवर आखलं, म्हणून तिथे प्रत्येक होलला झाडाझुडपाचं नाव आहे. तिथलं १३वं होल पार ५, डावीकडे वळणारं, ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढ्यातच ओढा. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, डावीकडे पाण्याच्या जवळ टाकायची हिंमत केली तर दुसऱ्या शॉटला ग्रीन गाठता येतं, उजवीकडे सेफ खेळलात तर अंतर वाढतं, तुमचं तुम्ही ठरवा. हे झालं स्ट्रॅटेजिक डिझाइन. न्यू जर्सीच्या पाइन व्हॅलीला अशी मुभा कमी, वाळूचे उजाड पट्टे ओलांडायचे म्हणजे ओलांडायचेच. मला विचाराल तर क्लबसाठी पहिला प्रकार बरा, कारण मेंबरांत सगळ्या वयाचे आणि सगळ्या हँडिकॅपचे, म्हणजे कमी-जास्त कौशल्याचे, लोक असतात.

ग्रीन हा सगळ्यात नाजूक भाग. हल्ली त्याच्याखाली साधारण ३० सेंमी वाळूचा थर, त्याखाली १० सेंमी खडी आणि ड्रेनेजचे पाइप असतात, वरचं गवत ३ मिमीच्या आसपास कापलेलं. चेंडू पाडायचा १०८ मिमी व्यासाचा खड्डा, तोही होलच, वरचेवर हलवतात, त्यामुळे एकाच ग्रीनवर चार-पाच बऱ्यापैकी सपाट जागा ठेवाव्याच लागतात.

झाडांवरून क्लबात भांडणं ठरलेली. सावलीत ग्रीनचं गवत धड वाढत नाही, वारा खेळत नाही, पण झाड तोडायचं म्हटलं की मेंबर हळवे होतात. पिट्सबर्गजवळच्या ओकमाँटने १९९० च्या दशकापासून हजारो झाडं काढली, आणि सुरुवातीची तर बोंबाबोंब नको म्हणून पहाटे अंधारातच उडवली, मेंबर येईपर्यंत जागा साफ!