नाव नसलेली पदकं: जर्मन पदकपट्ट्यांचे धनी कसे शोधतात

साताऱ्याकडच्या एखाद्या घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक निघालं, तर त्याची कड वाचायची. ब्रिटिश सरकारनं दिलेल्या त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. पदक मोडीत गेलं, चार हात फिरलं, तरी त्याचा मालक त्याच्याबरोबर फिरतो. जर्मन पदकांना ही सोय जवळजवळ नाहीच. लाखांनी वाटलेल्या आयर्न क्रॉस या युद्धपदकावर फार तर बनवणाऱ्याचा शिक्का सापडतो. म्हणून जर्मन पदकांच्या संग्राहकांना एकेकट्या पदकापेक्षा पदकपट्टीचं आकर्षण जास्त. एका माणसाची सगळी पदकं फितींसह एका पिनेवर ओळीनं शिवलेली ही पट्टी. जर्मनीत तिला ‘ऑर्डेन्सश्नाले’ म्हणतात. नाव कुठल्याच पदकावर नसतं, पण सात-आठ पदकांचा तो विशिष्ट मेळ एकाच माणसाकडे जमलेला असू शकतो.

हे शक्य झालं जर्मन साम्राज्याच्या विचित्र घडणीमुळे. १८७१ साली उभं राहिलेलं साम्राज्य म्हणजे पंचवीस राज्यांची मोट होती: चार राजे, सहा ग्रँड ड्यूक, पाच ड्यूक, सात लहान संस्थानिक आणि हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक ही तीन स्वतंत्र शहरं. बहुतेकांची मानचिन्हं स्वतंत्र, त्यांच्या फिती स्वतंत्र. १९१५ मध्ये तर त्या तीन शहरांनीही आपापले हॅन्सियाटिक क्रॉस काढले. पट्टीवर आधी स्वतःच्या राज्याची पदकं, मग इतर जर्मन राज्यांची आणि शेवटी परदेशी, असा सर्वसाधारण रिवाज होता. त्यामुळे नुसत्या क्रमावरूनही माणूस प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचा की बव्हेरियाचा, याचा अंदाज बांधता येतो.

संस्थानिकांची पदकं रेजिमेंटच्या मागोमाग जात. प्रशियाच्या ९५व्या पायदळ रेजिमेंटच्या तीन बटालियन गोथा, हिल्डबुर्गहाउझेन आणि कोबुर्ग इथे असत. म्हणजे एकाच रेजिमेंटचा थुरिंगियातल्या दोन डचींशी (ड्यूकच्या राज्यांशी) घरोबा: कोबुर्ग-गोथा आणि माइनिंगेन. आता समजा, एका पट्टीवर १९१४चा आयर्न क्रॉस आहे, तलवारी असलेली एर्नेस्टाइन हाउस ऑर्डर (या डचींचं सामाईक मानचिन्ह) आहे, माइनिंगेनचा युद्धक्रॉस आहे आणि शेवटी १९०७चं नैर्ऋत्य आफ्रिकेचं पदक आहे. पहिल्या पदकावरून काहीच कळत नाही. तसे दुसऱ्या श्रेणीचे क्रॉस पहिल्या महायुद्धात सुमारे पन्नास लाख वाटले गेले. मधली दोन बोट दाखवतात ९५व्या रेजिमेंटकडे किंवा तिच्या आसपास. खरी चाळण लागते ती चौथ्यानं. आजच्या नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार जर्मन फौजांनी केला, त्या मोहिमेचं हे पदक. (अशा पदकांच्या विक्रीच्या वर्णनात ‘दुर्मिळ वसाहती पदक’ एवढंच असतं, त्यामागे काय घडलं याचा उल्लेख क्वचितच.) थुरिंगियाच्या रेजिमेंटमधून आफ्रिकेत जाऊन परत आलेले अधिकारी किती असणार?

न दिसणारं पदकही तितकंच बोलतं. साम्राज्याचा पहिला सम्राट पहिला विल्हेल्म याच्या जन्मशताब्दीचं पदक २२ मार्च १८९७ रोजी प्रशियाच्या सैन्यात असलेल्या साऱ्यांना आणि आधीच्या लढायांतल्या जुन्या सैनिकांना मिळालं. ते पट्टीवर नसेल, तर माणूस बहुधा त्यानंतर भरती झालेला. परदेशी पदकांमागे बहुतेकदा शाही भेटीगाठी असतात. रशियाचा झार बर्लिनच्या अलेक्झांडर गार्ड ग्रेनेडियर रेजिमेंटचा मानद प्रमुख होता आणि राणी व्हिक्टोरियाच्या नावानं पहिली गार्ड ड्रॅगून रेजिमेंट होती. एखाद्या लेफ्टनंटच्या छातीवर स्टॅनिस्लाउस हे रशियन मानचिन्ह दिसलं, तर आधी तिकडे चौकशी करायची.

चौकशी करायची ती रांगलिस्टमध्ये. प्रशियाच्या सैन्याची ही छापील यादी नेमानं निघे: रेजिमेंटवार अधिकारी आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या मानचिन्हांची बारीक चिन्हं आणि संक्षिप्त अक्षरं. पट्टी समोर ठेवून पानामागून पान उलटायचं, हाच या कामाचा गाभा. पण शांतताकाळातली शेवटची यादी ६ मे १९१४ची. युद्धात मिळालेली पदकं तिच्यात असणारच नाहीत. त्यांच्यासाठी संस्थानांच्या नोंदी आणि सैनिकांच्या वैयक्तिक फाइली पाहाव्या लागतात, आणि तिथेच मोठं खिंडार पडलेलं आहे. १४ एप्रिल १९४५च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पोट्सडामवर बाँब टाकले, त्यात तिथलं लष्करी दफ्तर जळालं आणि प्रशियाच्या फौजेची बहुतेक कागदपत्रं गेली. म्युनिक, ड्रेस्डेन, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह इथली, म्हणजे बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग आणि बाडेन या राज्यांची दफ्तरं मात्र बऱ्याच अंशी वाचली. त्यामुळे बव्हेरियाच्या साध्या सार्जंटचाही माग लागू शकतो आणि प्रशियाचा कॅप्टन हातचा निसटतो.

सगळा दोष बाँबवर टाकूनही भागत नाही. रांगलिस्ट अधिकाऱ्यांची, शिपायाला तिच्यात जागाच नव्हती. आयर्न क्रॉस आणि त्याच्या शेजारी १९३४चा सन्मान क्रॉस, अशा दोन पदकांच्या पट्ट्या ढिगानं मिळतात. १३ जुलै १९३४ रोजी सुरू झालेला हा क्रॉस अर्ज करणाऱ्या पहिल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि मृतांच्या विधवांना, आईवडिलांना मिळाला. एकूण सुमारे ८० लाख. तो मिळाल्यावर अनेकांनी जुनी पट्टी उसवून नवी शिवून घेतली. तेव्हा आज बाजारात दिसणाऱ्या कितीतरी ‘कैसरच्या काळातल्या’ पट्ट्यांची शिवण हिटलरच्या काळातली आहे. त्यात पुन्हा बऱ्याच ऑर्डर मालकाच्या मृत्यूनंतर सरकारजमा कराव्या लागत, म्हणून पट्टीवर जवाहिऱ्याकडून घेतलेली प्रत लावणारेही पुष्कळ होते.

अशा पट्टीचा मालक ठरतो तो बहुतेकदा तिच्याबरोबर आलेल्या कागदांवरून: सैनिकाचं मिलिटेअरपास (सेवापुस्तिका), पदकाची सनद, एखादा फोटो. कागद नसतील तर नाव सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: हाच मेळ असलेले बाकीचे सगळे वगळले का? नाव लागलं की किंमत वाढते, म्हणून ‘जुळतो’ आणि ‘हाच आहे’ यांतलं अंतर विक्रेते सहज गिळून टाकतात. काही जण तर यादीतला एखादा नामांकित अधिकारी निवडून त्याच्या पदकांप्रमाणे पट्टीच नव्यानं जुळवतात. ती पकडायला पाठीमागचं कापड पाहायचं, फितीखाली झाकलेला रंग उघड्या भागापेक्षा गडद आहे का ते पाहायचं आणि अतिनील दिवा लावायचा. दोरा निळसर पांढरा चमकला, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा असण्याची शक्यता दाट. मग पट्टीवरची पदकं कितीही अस्सल असोत.