दोन दिवसांत गुण आला, पण कशाने?

गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामाइन, हे सांध्यांसाठीचं पूरक, घेणाऱ्या कुणालाही विचारा, फरक कधी पडला? 'महिना-दोन महिने गेले, तरी नक्की सांगता येत नाही' असंच काहीसं उत्तर मिळेल. मग ऑनलाइन मागवलेल्या 'शंभर टक्के नैसर्गिक' गोळीने तिसऱ्याच दिवशी धडाधड जिना चढता आला, तर खरं म्हणजे दचकायला हवं. आपण मात्र आणखी दोन बाटल्या मागवतो आणि एक नणंदेकडे पाठवतो.

अमेरिकेत 'आर्त्री किंग' नावाच्या गोळ्या अशाच खपत होत्या. लेबलवर ओमेगा-3 आणि ऑर्टिगा, म्हणजे अंगाला लागली की आग करणारी एक वनस्पती. तिथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, 2022 मध्ये गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडलं. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. यकृताला इजा झाल्याच्या आणि मृत्यूच्याही तक्रारी एफडीएकडे आल्या होत्या.

डायक्लोफेनॅक हे नेहमीचं वेदनाशामक. माणसाला ते बेताने चालतं, पण अल्सर असलेल्याला किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

डेक्सामेथासोनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. हे स्टेरॉइड कोविडमुळे घरोघरी माहीत झालं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. मेंदूतली पियुषिका ग्रंथी त्यांना तसा हुकूम सोडत असते. डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या साधारण पंचवीसपट जोरकस. ते बाहेरून रोज मिळू लागलं की पियुषिकेला वाटतं, माल भरपूर आहे, आणि ती हुकूम थांबवते. काही आठवड्यांत अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. इकडे चेहरा गोल होतो, साखर वाढते. आणि एक दिवस बाटली संपते, किंवा बातमी वाचून माणूस घाबरून गोळी बंद करतो. आता बाहेरचं स्टेरॉइड नाही आणि आतलं कॉर्टिसॉलही नाही. गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, कधी जिवावरच बेततं. म्हणून 'ताबडतोब बंद करा' हा एरवी शहाणपणाचा सल्ला इथे घातक ठरू शकतो. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. पण आपण स्टेरॉइड घेतोय हेच ज्याला ठाऊक नाही, तो देखरेख कशाची मागणार?

वजन उतरवणाऱ्या 'नैसर्गिक' गोळ्यांत भेसळ म्हणून बहुतेकदा सिब्युट्रामिन, हे भूक मारणारं औषध, सापडतं. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून ते 2010 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, पुढच्या वर्षी भारतातही बंदी आली. दुकानातून गेलं, भेसळीत राहिलं. 'ताकद' वाढवणाऱ्या कॅप्सूलमध्ये अनेकदा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, असतं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याचा रक्तदाब त्याने एकदम कोसळतो. प्रयोगशाळेला चकवण्यासाठी काही जण सिल्डेनाफिलच्या रेणूत किंचित फेरफार करतात. ते नवं रसायन माणसावर कधी तपासलेलंच नसतं.

सिंगापूरमध्ये 2008 साली पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले 150 जण, बहुतेक सगळे पुरुष, साखर धोकादायक उतरल्याने रुग्णालयांत दाखल झाले. कारण होतं ताकदीच्या बेकायदा गोळ्यांत मिसळलेलं ग्लिबेनक्लामाइड, हे मधुमेहाचं औषध. रक्तात साखर असो-नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं आणि मेंदू उपाशी पडतो. चार जण दगावले. 127 जणांच्या रक्तात किंवा लघवीत ते औषध मिळालं. अशा काही गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना सांगितलं मात्र 45 जणांनीच.