ठासणीची बंदूक : टपालाने देवघेव

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची ती ठासणीची बंदूक. जामगीने (धुमसत्या दोरीने) बत्ती देण्याची, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी आणि टोपीची (ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणारी) हे तिचे मुख्य प्रकार. जुन्या धर्तीच्या नव्या प्रतिकृतीही बनतात, आणि त्यांतल्या कित्येक खरोखर उडतात. अशी बंदूक घरपोच मागवता येईल का, हा प्रश्न मुंबईतल्या हौशी संग्राहकाला पडतो तो बहुधा अमेरिकी विक्रेत्यांची ‘परवाना लागत नाही’ ही ओळ वाचून.

ती ओळ तिथे खरी आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ किंवा त्याआधीची बंदूक, तसेच ठासणीच्या बहुतेक प्रतिकृती ‘पुरातन’ ठरवून नेहमीच्या निर्बंधांतून वगळल्या; राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. भारतात वयाची अशी रेघ नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके शस्त्र कायद्याबाहेर राहते, पण ते दुरुस्त करूनही उडण्याजोगे नसेल तरच. ही अट फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते. दोनशे वर्षांची बंदूक उडत असेल तर तिला परवाना हवा. काल घडवलेल्या प्रतिकृतीलाही हवा. याच कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती शोभेची वस्तू नाही.

त्यामुळे परदेशातून पार्सल मागवायचे तर कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना आधी लागतो. मुंबईत शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त देतात. स्वतःची परवान्याची बंदूक दुसऱ्या खासगी व्यक्तीला विकायची असेल, तर घेणाराही कायद्याने पात्र हवा. शिवाय त्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. चोर बाजारात घेतलेली नळी ‘नुसती शोभेची’ आहे, या विक्रेत्याच्या शब्दावर तर मुळीच विसंबू नये.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून परदेशी पाठवताना, वेगळा अडसर येतो. शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.

शोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू हे स्फोटक आहे. ती टपालात घालता येत नाही, चिमूटभरही नाही. म्हणूनच जुनी नळी हाती आली की आधी ती रिकामी आहे का ते पाहावे. गज अलगद तळापर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक कानापर्यंत, म्हणजे दारूला आग पोहोचवणाऱ्या छिद्रापर्यंत, पोहोचत नसेल, तर आत काहीतरी ठासलेले आहे. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेट घेते. अशी नळी घरी खरवडू नये, पोलिसांना कळवावे.