पान (शब्द)

पान म्हणजे मराठीत झाडाचं पान, जपानीत ब्रेड, पोलिशमध्ये श्रीयुत आणि ग्रीकमध्ये 'सगळं'. उच्चार जवळपास एकच, मुळं मात्र पार वेगळी.

आपलं पान आलं संस्कृत 'पर्ण'वरून, मधे प्राकृतात त्याचं 'पण्ण' झालं. मराठीनं या शब्दाला भरपूर कामाला लावलंय, वहीचं पान, विड्याचं पान, पत्त्यातलं पान, आणि जेवणाचं पान तर खासच, म्हणजे ताटं स्टीलची आली तरी 'पानं वाढलीत, चला' असंच म्हणतात कारण आधी जेवण खरोखर केळीच्या पानावर नाहीतर पत्रावळीवर असायचं. हिंदीत हाच शब्द मुख्यतः विड्यापुरता उरला, झाडाच्या पानाला ते पत्ता म्हणतात. मद्यपान, स्तनपान यातलं पान वेगळं, ते 'पा' म्हणजे पिणे या धातूचं.

जपानी पान ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. पोर्तुगीज लोक १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि त्यांच्या ब्रेडचं नाव, जे नाकातून 'पाऊं'सारखं काहीतरी उच्चारतात, ते जपान्यांच्या तोंडी 'पान' झालं. तेच लोक १५१० पासून गोव्यात होते, तिथे तोच शब्द 'पाव' झाला, म्हणजे जपानी पानाचं आपल्या पानाशी काही नातं नाही पण वडापावातल्या पावाशी सख्खं नातं आहे! टोकियोच्या किमुराया बेकरीनं १८७४ च्या सुमारास लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांचं गोड सारण भरून 'आनपान' काढला, तो आजही आवडीनं खातात. कोरियन लोकांचा 'प्पांग' जपानीतूनच गेलाय.

ग्रीकमध्ये 'पान' म्हणजे सगळं, पॅन्डेमिकमधला पॅन तोच. बकऱ्याच्या पायांचा रानातला देव पानही ग्रीकांचाच, अचानक भीती घालणारा, पॅनिक शब्द त्याच्या नावावरून आला.

पोलिशमध्ये पान म्हणजे मुळात धनी, आता नुसतं साहेब, आणि बाईंना 'पानी'. अनोळखी माणसाला आदरानं बोलताना 'तू'च्या जागी हेच वापरतात, क्रियापद मात्र तृतीयपुरुषी. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, तेव्हा हे पान आणि पानी आपल्याकडेही, त्या छावणीत, रोजच्या बोलण्यात होते.