‘लिबेलाय’ (१९३३) मधली माक्स ओफ्युल्सची दिग्दर्शनशैली

‘लिबेलाय’ हा माक्स ओफ्युल्सने जर्मनी सोडण्याआधी केलेला प्रेमपट, आर्थर श्निट्झलरच्या १८९५ साली रंगमंचावर आलेल्या नाटकावरून. व्हिएन्नातला लेफ्टनंट फ्रिट्झ, त्याचं एका बॅरनच्या बायकोशी लफडं, त्यातून तो सुटू बघतोय तेवढ्यात ऑर्केस्ट्रातल्या वादकाची मुलगी क्रिस्टिन (माग्डा श्नायडर) भेटते आणि जुनं प्रकरण बॅरनला कळतं. कथा म्हणाल तर एवढीच, गंमत सगळी मांडणीत आहे.

ओफ्युल्स मूळचा नाटकवाला, त्यामुळे कोण कुठे बसलंय यातूनच तो अर्धी गोष्ट सांगतो. सुरुवातीला मोझार्टचा ऑपेरा चालू असतो, क्रिस्टिन आणि तिची मैत्रीण मित्सी वर गॅलरीत, त्यांच्या हातून दुर्बीण सुटते ती खाली लष्करी अफसरांजवळ पडते, अशी ओळख होते. मग रिकाम्या कॅफेत फ्रिट्झ आणि क्रिस्टिनचा वॉल्ट्झ नाच, वाजवायला माणूस नाही, नुसतं यंत्र, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत फिरत राहतो. पुढे ज्या सरकत्या कॅमेऱ्यासाठी त्याचं नाव झालं त्याचा अंदाज इथेच येतो, पण इथे तो कॅमेरा जपून वापरतो आणि मला तरी हे जास्त आवडतं.

खरी कमाल आवाजात आहे, तेही बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झालेली असताना. प्रकरण कळल्यावर बॅरन फ्रिट्झला द्वंद्वयुद्धाला बोलावतो, पण ते द्वंद्वयुद्ध ओफ्युल्स दाखवतच नाही! फ्रिट्झचा मित्र थिओ आणि मित्सी बर्फात थांबून कान देऊन उभे, एक गोळी ऐकू येते, पहिली पाळी बॅरनची हे आपल्याला माहीत असतं, आता फ्रिट्झची गोळी यायला हवी, ती येतच नाही, बस्स, कळायचं ते कळतं. नंतर क्रिस्टिनला बातमी कळते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, ती तुटक तुटक बोलत राहते, बाकी कुणाची रिॲक्शन आपल्याला लागतही नाही. शेवटी तर पात्रंच नाहीत, आधी दोघं घसरगाडीतून गेले होते तसलाच बर्फ आणि वर त्यांच्या शपथांचे आवाज.

ओफ्युल्स ज्यू होता, १९३३ साली राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, लागलेल्या आगीनंतर तो फ्रान्सला निघून गेला आणि जर्मनीत सिनेमा लागला तेव्हा श्रेयनामावलीतून त्याचं नावच उडवलेलं होतं. फ्रान्समध्ये त्याने याचीच फ्रेंच आवृत्ती केली, आणि १९५० साली ‘ला रोंद’साठी तो परत श्निट्झलरकडेच वळला.